तोंडपाठ पान आणि वाचलेलं पान

पहिलीतलं लेकरू धडा घडाघडा म्हणतं, ओळीखालून बोटही फिरवतं. फक्त बोट तिसऱ्या ओळीवर असताना तोंड पाचवीवर पोचलेलं असतं. अमरावती-अकोल्याकडच्या गुरुजींना यात नवल नाही. अंकलिपी आणि दगडी पाटीच्या काळापासून आपल्याकडे वाचन शिकवलं गेलं ते एका सुरात: आधी मुळाक्षरं, मग बाराखडी, मग जोडाक्षरं. 1967 साली बालभारती स्थापन झाली, पुस्तकं देखणी झाली, पण वर्गातला तो सूर काही बदलला नाही. पन्नास आवाजांत आपला आवाज मिसळला की कोणाला वाचता येतं नि कोणाला नाही, हे कळायची सोयच नव्हती.

ती सोय 2005 पासून 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीने दाखवली. घरी जायचं, मुलाला एकटं बसवायचं, अक्षरं, शब्द, छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट, यांतलं काय जमतं ते पाहायचं. टक्केवारीवरून वाद झाले. मला मोलाची वाटते ती कसोटीच: अनोळखी पान, समोर एकच मूल. 2015 च्या जूनमध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा सरकारी कार्यक्रम आला आणि असं एकेक मूल तपासणं शाळेच्याच कामात आलं. सोबत रंगवलेल्या फरश्या नि भिंतीही आल्या. (फरशी रंगवणं वाचायला शिकवण्यापेक्षा सोपं, शिवाय फोटो चांगला येतो.)

वऱ्हाडात एक अडचण खास इथली. घरी डोळ्याला 'डोया' म्हणणारं पोट्टं 'फळ' हे अक्षरांवरून नीट ओळखतं आणि 'फय' म्हणतं. त्याने वाचलेलं असतं, अर्थही लागलेला असतो. तिथेच थांबवून उच्चार घोटून घेतला, तर पुढची ओळ वाचायचा हुरूप जातो. काही शिक्षक आधी गोष्ट पूर्ण होऊ देतात, 'ळ'चं मग बघतात; माझं मत त्यांच्या बाजूने आहे. मेळघाटात, धारणी-चिखलदऱ्याकडे, प्रश्न याहून खोल. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. तिथल्या मुलाने अक्षरं जुळवून शब्द उच्चारला तरी तो कानाला ओळखीचा लागत नाही. म्हणून आधी मराठी ऐकणं, बोलणं, चित्रावर गप्पा, आणि वाचन त्यानंतर; घाई केली की पुन्हा पाठांतरच हाती येतं.

मग कोरोना. फेब्रुवारी 2021 मध्ये राज्यात सर्वांत आधी पुन्हा टाळेबंदी लागली ती अमरावती-अकोल्यात. ग्रामीण भागातली पहिली ते चौथी उघडली 1 डिसेंबर 2021 ला. म्हणजे जून 2020 ला पहिलीत नाव घातलेलं लेकरू वर्गात प्रथम बसलं ते दुसरी अर्धी सरल्यावर. 'असर'नुसार ग्रामीण भारतात दुसरीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतली मुलं 2018 मध्ये 27.3 टक्के होती. 2022 मध्ये 20.5 वर आली, 2024 मध्ये 27.1. एवढी वर्षं गेली ती जुनी जागा गाठण्यातच, आणि ती जागाही अभिमानाची नव्हती.

या पडझडीतून एक गोष्ट मात्र नवी निघाली. 2022 च्या 'पहिले पाऊल' या शाळापूर्व तयारीच्या मोहिमेत गावोगाव मातागट बनले. विदर्भात उन्हापायी शाळा जूनच्या शेवटाला उघडते. त्या लांब सुटीत माय लेकराला घेऊन बसते, मोबाइलवर आलेला छोटासा उपक्रम करून घेते. ती स्वतः चौथी शिकलेली असली तरी चालतं, कारण तिने लेकराला फक्त विचारायचं असतं: यात काय लिहिलंय, सांग बरं मले.