अँगोलाचे युद्ध इतकी वर्षे का चालले?

१९६१ साली पोर्तुगालच्या साम्राज्याला दोन ठिकाणी तडा गेला. वर्षाच्या सुरुवातीला आफ्रिकेतील अँगोलात बंड पेटले आणि डिसेंबरात गोवा मुक्त झाला. गोव्यातली लष्करी कारवाई दोन दिवसांत आटोपली. अँगोला मात्र स्वातंत्र्यासाठी चौदा वर्षे झगडला आणि स्वतंत्र होता होताच सत्तावीस वर्षांच्या यादवीत सापडला. हे कसे घडले?

पोर्तुगीजांशी लढणाऱ्या संघटना तीन होत्या. राजधानी लुआंडा आणि आसपासच्या किंबुंडू भाषकांत आगोस्टिन्यो नेटो यांच्या एमपीएलएचे बळ होते. उत्तरेकडील बाकोंगो समाजात होल्डन रॉबर्टो यांची एफएनएलए, तर मध्य पठारावरच्या ओव्हिंबुंडूंमध्ये जोनास साविंबी यांची युनिटा रुजली होती. शत्रू एकच असला, तरी पोर्तुगालच्या हुकूमशाहीत खुल्या राजकारणाला वाव नसल्याने मतभेद चर्चेने मिटवण्याची सवय कुणालाच लागली नाही.

एप्रिल १९७४ मध्ये पोर्तुगालची राजधानी लिस्बनमधली ही हुकूमशाही कोसळली. जानेवारी १९७५ च्या अल्व्होर करारानुसार तिघांनी मिळून हंगामी सरकार चालवायचे, निवडणूक घ्यायची आणि ११ नोव्हेंबरला देश स्वतंत्र व्हायचा, असे ठरले. पण काही महिन्यांतच लुआंडात गोळीबार सुरू झाला. निवडणूक झालीच नाही.

या फुटीत बाहेरच्या सत्ता उतरल्या. एमपीएलएच्या बाजूने सोव्हिएत शस्त्रे आणि क्युबाचे सैनिक आले. दुसऱ्या बाजूला अमेरिका, शेजारचे झाईर आणि दक्षिण आफ्रिका होती. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेला अँगोलाला लागून असलेल्या नामिबियावरचा ताबा सोडायचा नव्हता, म्हणून तिचे सैन्य अँगोलात शिरले. एफएनएलए लवकरच मागे पडली आणि सामना एमपीएलएचे सरकार विरुद्ध युनिटा असा उरला. हरणाऱ्या बाजूला प्रत्येक वेळी नवी कुमक मिळे. त्यामुळे तडजोडीची निकड कुणालाच वाटत नव्हती.

अँगोला, क्युबा आणि दक्षिण आफ्रिका यांच्यातील डिसेंबर १९८८ च्या करारानंतर क्युबाचे सैन्य परतू लागले आणि १९९० मध्ये नामिबिया स्वतंत्र झाला. १९९१ मध्ये सरकार आणि युनिटा यांच्यात शांतता करार झाला. सप्टेंबर १९९२ च्या निवडणुकीत साविंबी मागे पडले. त्यांनी निकाल नाकारला आणि युद्ध पुन्हा भडकले.

पाठीराखे गेल्यावरही युद्ध चालले, त्याला दोन कारणे होती. युनिटाची फौज प्रत्यक्षात मोडली गेली नव्हती, आणि दोन्ही बाजूंना आता स्वतःचा पैसा होता. सरकारकडे समुद्रातले तेल होते, युनिटाकडे ईशान्येच्या लुंडा भागातले हिरे. १९९८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी युनिटाच्या हिऱ्यांवर बंदी घातली. फेब्रुवारी २००२ मध्ये साविंबी लढाईत मारले गेले आणि एप्रिलमध्ये युद्ध थांबले.

तोवर अंदाजे पाच लाख माणसे गेली होती आणि सुमारे चाळीस लाख लोक घरदार सोडून विस्थापित झाले होते. शेतांत पेरलेले भूसुरुंग पुढेही पाय तोडत राहिले. हिऱ्यांच्या व्यापारालाही धडा मिळाला. २००३ पासून कच्च्या हिऱ्यांसोबत, ते बंडखोरांच्या युद्धाला पैसा पुरवणारे नाहीत हे सांगणारे किंबर्ली प्रमाणपत्र लागते. मुंबई-सुरतेत येणारा मालही त्याला अपवाद नाही.

फूट अँगोलाच्या आतलीच होती, पण परक्या शस्त्रांनी तिला सैन्याचे रूप दिले आणि तेल-हिऱ्यांनी ते सैन्य पोसले. म्हणूनच कोणताही शांतता करार वाचताना सह्या कुणाच्या हे पाहण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात: हत्यारे कुणाच्या हाती राहिली आणि त्यांचा पैसा कुठून येतो.