वेबसाइट आहे, पण ती मोबाइलवर दिसते का?

नाशिकरोड, सातपूर, अंबड, सिडको या भागांत आपल्या समाजातील अनेक होतकरू तरुणांनी छोटे-मोठे व्यवसाय उभे केले आहेत. कुणाचे फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे, कुणाचे मंडप-डेकोरेशन, तर कुणाची ऑफसेट प्रेस. त्यातील बऱ्याच जणांनी पदरचे पैसे घालून व्यवसायाची वेबसाइटही करून घेतली आहे. पूर्वी गूगलवर शोधले की आपले नाव वर यायचे, आता ते दिसतच नाही, अशी तक्रार त्यांच्यापैकी काही जण करतात. हा केवळ कॉम्प्युटरचा विषय नव्हे. त्यावर महिन्याचा हप्ता आणि मुलांची फी अवलंबून असते, म्हणून कुटुंबाच्या या पानावर आम्ही तो घेत आहोत.

वेबसाइट करून देणारा माणूस ती आपल्या कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्यावर दाखवतो, आणि तिथे ती झकासच दिसते. परंतु ग्राहक ती पाहतो कुठे? तो सीबीएसवर बसची वाट पाहत उभा असतो, हातात मोबाइल असतो. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली, इंटरनेट स्वस्त झाले आणि कष्टकऱ्यांच्या घरांत कॉम्प्युटर न येताच इंटरनेट आले. त्या चार बोटांच्या पडद्यावर अक्षरे मुंगीएवढी दिसली, पान डावी-उजवीकडे सरकवावे लागले, तर ग्राहक क्षणभरही थांबत नाही. तो दुसऱ्या दुकानात जातो.

गूगलनेही हे ओळखले. २१ एप्रिल २०१५ पासून मोबाइलवर शोधणाऱ्यांना दाखवायच्या यादीत मोबाइलवर नीट दिसणाऱ्या पानांना वरचे स्थान देण्यास त्याने सुरुवात केली. त्या वेळी जगभरच्या व्यापाऱ्यांत मोठी खळबळ उडाली होती. पुढचा बदल त्याहून मोठा होता. मार्च २०१८ पासून गूगल एकेक वेबसाइट मोबाइलच्या डोळ्यांनी वाचू लागले आणि ५ जुलै २०२४ नंतर उरलेल्या वेबसाइटही त्याने त्याच पद्धतीत घेतल्या. याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. कॉम्प्युटरवर तुम्ही कितीही माहिती लिहिलेली असो, मोबाइलच्या पानावर ती नसेल तर गूगलच्या लेखी ती नाहीच. आणि मोबाइलवर वेबसाइट उघडतच नसेल तर ती यादीतूनच बाद होते.

मराठी वेबसाइटचे आणखी एक दुखणे आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. समजा, एखाद्याची लग्नपत्रिका छापण्याची प्रेस आहे. मंगल परिणयाच्या पत्रिकांचे सुंदर नमुने त्याने वेबसाइटवर टाकले आहेत. डीटीपी करणाऱ्या आपल्या मुलांचा हात श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टवर बसलेला असतो, म्हणून मजकूरही त्याच फॉन्टमध्ये टाकला. आता गंमत अशी, की या जुन्या फॉन्टमध्ये आत साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे. फॉन्ट त्यांना वरून मराठीचा मुखवटा चढवतो. मोबाइलमध्ये तो फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो आणि ग्राहकाला अगम्य अक्षरांची खिचडी दिसते. गूगलही तीच खिचडी वाचते! मग कुणी ‘बौद्ध लग्नपत्रिका नाशिक’ असे शोधले, तर या प्रेसचे नाव येणार कसे? काही जण फॉन्टची कटकट नको म्हणून सगळा मजकूरच फोटोत बसवतात. चित्रातल्या अक्षरांवर गूगलने विसंबावे हा भरवसा फार कच्चा आहे. मजकूर युनिकोडमध्येच टाकावा. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात, मात्र त्यात जोडाक्षरे आणि रफार बिघडतात, तेव्हा प्रूफ डोळ्यांत तेल घालून वाचावे लागते. प्रेसवाल्याला ते आम्ही काय सांगावे!

बाकीची तपासणी घरच्या घरी होते. दहावी-बारावीच्या मुलीच्या हाती मोबाइल द्या आणि तिला आपल्याच दुकानाची वेबसाइट उघडायला सांगा. बोटांनी मोठे न करता वाचता येते का? फोन नंबरवर बोट ठेवताच फोन लागतो का? पान लवकर उघडते का? गूगलच्या मापाने पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा. बहुधा दोष फोटोंचा असतो. येवल्याच्या पैठणीचा पदर असो की लोखंडी जिन्याचा कठडा, कॅमेऱ्यातून निघालेला चार-पाच एमबीचा फोटो जसाच्या तसा चढवू नये, लहान करून टाकावा. पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या साधनात पत्ता टाकला की पान कुठे अडखळते ते फुकट कळते.

दुरुस्ती करून घेताना ‘रिस्पॉन्सिव्ह’ हा शब्द लक्षात ठेवा. पडद्याच्या मापाप्रमाणे स्वतःला आवरून घेणारे एकच पान, असा त्याचा अर्थ. मोबाइलसाठी निराळी, काटछाट केलेली वेबसाइट करू नये. काटलेले ते गूगलला दिसत नाही हे वर आलेच आहे. पानांचे जुने पत्ते बदलले तर त्यांवर येणारा माणूस आपोआप नव्या पत्त्यावर जाईल अशी सोय करून मागावी.

‘पहिल्या नंबरवर आणून देतो’ अशी हमी देणारेही गावोगाव फिरत आहेत. अशी हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगलने स्वतःच सांगितलेले आहे. मोबाइल चाचणीत पास झाल्याचा जुना कागद कुणी पुढे केला तर त्यालाही भुलू नये. गूगलची ती चाचणी डिसेंबर २०२३ मध्येच बंद झाली.

पैसे मोजण्यापूर्वी वेबसाइटचे नाव, म्हणजे डोमेन, कुणाच्या नावावर नोंदले आहे तेही विचारा. पुष्कळदा ते करून देणाऱ्याच्या नावावर निघते. त्याच्याशी बिनसले तर नवे नाव घ्यावे लागते, आणि जुन्या नावाने गूगलवर कमावलेली जागा मागेच राहते. नोंदणीत आपले नाव, आपला मोबाइल नंबर आणि आपलाच ईमेल असावा, व दरवर्षीच्या नूतनीकरणाची पावती घरच्या फाइलला लावून ठेवावी.