जुन्या ट्रकास इंजिन कोणते बसवावे : डिझेलचे की पेट्रोलचे?

हिवाळ्यात सोलापूरच्या श्री सिद्धेश्वर बाजार समितीच्या आवारात कांद्याची आवक वाढू लागली म्हणजे शेतावर उभी असलेली जुनी वाहनेही पुन्हा कामास लावली जातात. त्यांतील एखाद्या जुन्या पेट्रोल ट्रकचे किंवा जीपचे इंजिन झिजून गेलेले असते. चेसिस मात्र मजबूत, पाटे शाबूत आणि हौदा धड असतो. अशी गाडी मोडीत काढणे मालकाच्या जिवावर येते व इंजिन बदलण्याचा विचार सुरू होतो. विहिरीवरील इंजिनामुळे शेतकऱ्यास डिझेलचा परिचय जुना असल्याने त्याचा कल बहुधा डिझेलकडेच असतो. हा कल चुकीचा म्हणता येणार नाही. परंतु विहिरीवरील इंजिन एका जागी, ठराविक गतीने व ठराविक भाराखाली चालते. ट्रकचे तसे नसते.

हा प्रश्न नवा नाही. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि तिच्या कुर्ला येथील कारखान्यातून डॉज व फार्गो ट्रक रस्त्यावर आले. त्या काळी पेट्रोल ट्रक सर्रास वापरात होते. १९५४ मध्ये टाटांनी जर्मनीच्या डाइम्लर-बेंझ कंपनीशी करार करून जमशेदपूर येथे डिझेल ट्रकांची निर्मिती आरंभिली, आणि पुढे मालवाहतूक डिझेलकडे वळली. जुन्या पेट्रोल ट्रकांत पर्किन्सचे सहा सिलिंडरांचे ‘पी-६’ इंजिन बसविण्याची पद्धतही त्याच सुमारास रूढ होती.

डिझेल कमी लागते याचे कारण इंजिनाच्या रचनेत आहे. जुन्या पेट्रोल इंजिनात हवा-इंधनाचे मिश्रण साधारणतः सहा-सात पटींनी दाबले जाते व ठिणगीने पेटविले जाते. डिझेल इंजिनात केवळ हवा सोळा ते वीस पटींनी दाबली जाते. ती इतकी तापते की नोझलमधून फवारलेले तेल आपोआप पेट घेते. अधिक दाबामुळे उष्णतेचे कामात रूपांतर अधिक होते. शिवाय एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे दहा टक्के उष्णता जास्त असते.

तथापि बचत किती होईल हे गाडी किती फिरते यावर अवलंबून आहे. समजा, पेट्रोल इंजिनावर ट्रक लिटरला ४ किलोमीटर व डिझेलवर ६ किलोमीटर जातो, पेट्रोलचा दर १०० रुपये व डिझेलचा ९० रुपये आहे, आणि डिझेल बसविण्याचा जादा खर्च २ लाख रुपये येतो. वर्षास १५,००० किलोमीटर धावणाऱ्या ट्रकची बचत दीड लाख रुपये होईल व सव्वा-दीड वर्षात जादा खर्च भरून निघेल. तोच ट्रक केवळ हंगामात फिरून वर्षास १,५०० किलोमीटर धावत असेल, तर बचत १५,००० रुपयेच होईल. खर्च फिटण्यास तेरा वर्षे लागतील. अशा मालकाने मूळ जातीचे पेट्रोल इंजिन बांधून घेणे किंवा त्याच जातीचे दुसरे आणणे अधिक शहाणपणाचे. पेट्रोल व डिझेल यांच्या दरांवरील सरकारी नियंत्रण अनुक्रमे २०१० व २०१४ मध्ये उठले आहे, तेव्हा दरांतील फरक कायम राहील असे धरून हिशेब मांडू नये.

डिझेलचा निर्णय झाल्यास केवळ इंजिन बदलून भागत नाही. हे इंजिन वजनाने जड असते. पुढील पाटे व इंजिनाचे माउंटिंग त्या मानाने मजबूत करावे लागते. मूळ गिअरबॉक्स ठेवावयाचा असल्यास मधली जोडपट्टी चांगल्या लेथवरच करून घ्यावी. तिचा मध्य किंचित जरी चुकला तरी गिअरबॉक्सचे बेअरिंग लवकर जाते. डिझेल इंजिनाच्या फेऱ्या कमी असतात, याचाही विसर पडू नये. पेट्रोल इंजिनाच्या ३,००० फेऱ्यांस ताशी ६० किलोमीटर वेग मिळत असेल तर तेच डिफरन्शिअल ठेवून २,००० फेऱ्यांस ४०च मिळतो. वेगासाठी डिझेल इंजिन मर्यादेबाहेर पळविणे म्हणजे ते फोडणेच होय. पेट्रोलची टाकी उतरवून पूर्ण स्वच्छ करावी, मात्र तिला वेल्डिंगची ज्योत लावू नये. रिकाम्या टाकीत राहिलेली पेट्रोलची वाफ स्फोटक असते. नोझलकडून परत येणाऱ्या तेलासाठी वेगळी नळी टाकावी.

सर्वांत गंभीर बाब ब्रेकची आहे आणि नेमकी तीच पुष्कळदा दुर्लक्षित राहते. अनेक जुन्या पेट्रोल गाड्यांत ब्रेकच्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम इंजिनाच्या हवा ओढणाऱ्या नळीतून मिळतो, कारण तेथील झडप हवा अडवून धरते. बहुतेक डिझेल इंजिनांत अशी झडप नसते. म्हणून त्या नळीत पुरेसा व्हॅक्यूम निर्माण होत नाही. बूस्टरची नळी तशीच जोडून दिली तर रिकामी गाडी कशीबशी थांबते, पण कांद्याच्या गोण्या भरलेला ट्रक उतारावर थांबविताना चालकाच्या पायाचे बळ अपुरे पडते. यासाठी इंजिनावर स्वतंत्र व्हॅक्यूम पंप बसविणे अनिवार्य आहे. त्याची परीक्षा मालकास स्वतः करता येते. इंजिन बंद असता ब्रेकचे पेडल पाच-सहा वेळा दाबून सोडावे, मग ते दाबून धरून इंजिन चालू करावे. पेडल पायाखाली थोडे खाली गेले तर बूस्टर काम करीत आहे. ते जागचे हलले नाही, तर गाडी गॅरेजबाहेर काढू नये.

काम हाती घेण्यापूर्वीच प्रादेशिक परिवहन कार्यालयाची परवानगी घ्यावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनातील असा बदल मनमानेल तसा करता येत नाही, आणि झालेल्या बदलाची नोंद नोंदणीपुस्तकात व्हावी लागते. जुने इंजिन विकत घेताना पावती व इंजिन क्रमांक तपासून घ्यावा. क्रमांक घासलेला असल्यास ते इंजिन कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. विमा कंपनीसही बदल लेखी कळवावा. आठ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू वाहनास योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते, म्हणून ही सर्व कामे कांदा काढणीच्या तोंडावर न काढता पावसाळ्यात, गाडी रिकामी असताना उरकून घ्यावीत.