चीनशीं वाढता व्यवहार आणि सोलापूरचें कर्तव्य

शुक्रवार पेठेंतील एखाद्या दुकानाच्या पायरीवर अर्धा तास उभें राहिलें, तर आंतरराष्ट्रीय व्यापाराचा एक धडा फुकट शिकावयास मिळतो. गिऱ्हाईक दिव्यांची माळ मागतें, मोबाइलचें कव्हर मागतें, मुलासाठीं चावीची मोटार मागतें. दुकानदार माल पुढें करतो व किंमत सांगतो. माल कोठला हें कोणी कोणास विचारीत नाहीं, कारण तें दोघांसही ठाऊक असतें. संक्रांतीस श्रीसिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते, तेव्हां खेळण्यांच्या दुकानांतही हाच प्रकार दिसतो. ज्या शहराचें नांव देशभर चादरीवर मिरवलें जातें, त्याच शहराच्या बाजारांत चीनचा माल इतका सहज मुरला आहे, कीं त्याचें आतां कोणास नवलही वाटत नाहीं. हें नवल न वाटणें हीच आमच्या मतें विचार करावयाची गोष्ट आहे.

भारत आणि चीन या दोन बलाढ्य शेजाऱ्यांचे राजकीय संबंध कसे चढले व उतरले, हें वाचकांस स्थूलमानानें माहीत आहे. १ एप्रिल १९५० रोजीं दोघांमध्यें राजनैतिक संबंध जुळले. २९ एप्रिल १९५४ रोजीं तिबेटच्या व्यापाराविषयीं जो करार झाला, त्यांत पंचशीलाचीं तत्त्वें लेखी आलीं. परंतु त्या कराराची मुदत संपून पुरते सहा महिनेही लोटले नाहींत, तोंच १९६२ च्या ऑक्टोबरांत युद्ध उभें राहिलें. राजदूत पुन्हा नेमले जावयास १९७६ साल उजाडावें लागलें. १९८८ च्या डिसेंबरांत पंतप्रधान राजीव गांधी बीजिंगला गेले, १९९३ त सीमेवर शांतता राखण्याचा करार झाला, आणि २००६ च्या जुलै महिन्यांत नाथू ला खिंड व्यापारास खुली झाली. पुढें १५ जून २०२० रोजीं गलवानच्या खोऱ्यांत आमचे वीस जवान धारातीर्थीं पडले आणि चार वर्षें सर्व बोलणें गोठल्यासारखें झालें. २०२४ च्या ऑक्टोबरांत गस्तीविषयीं समझोता झाला. २०२५ त कैलास-मानसरोवराची यात्रा पुन्हा सुरू झाली, ऑगस्टअखेर पंतप्रधान मोदी तिआनजिन येथील परिषदेस गेले, आणि ऑक्टोबरांत थेट विमानेंही उडूं लागलीं.

या सर्व चढउतारांत एक गोष्ट मात्र राजकारणाची फारशी पर्वा न करतां वाढत राहिली. ती म्हणजे चीनकडून येणारा माल. २०००-०१ सालीं दोन्ही देशांचा येणारा-जाणारा सर्व व्यापार मिळून सुमारे सव्वादोन अब्ज डॉलरांचा होता. गलवानच्या वर्षीं, म्हणजे २०२०-२१ त, चीनहून सुमारे ६५ अब्ज डॉलरांचा माल आला. २०२४-२५ त हाच आंकडा ११३ अब्जांच्या पुढें गेला. याच काळांत आमच्याकडून चीनला जाणारा माल मात्र सुमारे २१ अब्जांवरून १४ अब्जांवर उतरला. आठ रुपयांचा माल घ्यावा आणि एक रुपयाचा द्यावा, असें हें प्रमाण झालें. ज्या दिवसांत चौकाचौकांत चिनी मालाच्या बहिष्काराच्या घोषणा झाल्या, त्यांच्या पाठोपाठच आयातीनें ही उडी घेतली. घोषणा खोट्या होत्या असें आम्ही म्हणत नाहीं. जवानांविषयींचें दुःख खरें होतें. पण घोषणेच्या मागें कारखाना नसला, तर तिचें आयुष्य एका दिवाळीपुरतेंच असतें.

आमच्या पेढीवाल्या वाचकांपैकीं कोणी विचारील, कीं तूट म्हणजे सर्वस्वीं तोटा आहे काय? नाहीं. ज्या यंत्रावर येथील मजूर चार गोष्टी निर्माण करतो, तें यंत्र परदेशचें असलें तरी तो खर्च नसून भांडवल आहे. विजेचें एखादें उपकरण स्वस्त मिळालें तर गरिबाच्या घरींही उजेड पडतो. भीति आहे ती देवाणघेवाणीच्या जातीची. आम्ही देतों तें लोहखनिज, नाफ्ता, मासळी, सूत, एरंडेल. आणि घेतों तीं यंत्रें, विद्युत्-उपकरणें, रसायनें व औषधांचीं मूलद्रव्यें. म्हणजे पुष्कळ अंशीं कच्चें द्यावयाचें आणि पक्कें घ्यावयाचें. न्यायमूर्ति रानडे यांनीं इंग्रजी अमदानींत याच प्रकाराविरुद्ध जीव तोडून लिहिलें. फरक इतकाच, कीं त्या वेळीं परक्या सत्तेकडे बोट दाखवितां येत होतें. आतां बोट आपल्याकडेच वळतें.

शिवाय हा व्यापार एकेकाळीं उलट्या दिशेनें वाहत होता, हें आम्हीं विसरतां कामा नये. एकोणिसाव्या शतकांत मुंबईच्या बंदरांतून चीनला कापूस जात होता, आणि सांगावयास लाज वाटते, पण माळव्याची अफूही जात होती. मुंबईच्या कित्येक थोर दात्यांच्या संपत्तीचा उगम त्या व्यापारांत आहे. चीनची जनता त्या अफूनें पोखरली जात असतां आमच्या पेढ्यांवर नफ्याचीं गणितें मांडलीं जात होतीं. पुढें मुंबईच्या गिरण्या उभ्या राहिल्या आणि त्यांचें सूत चीनच्या बाजारांत भरपूर खपूं लागलें. सोलापुरांत १८७७ त निघालेली आमची जुनी गिरणी त्याच आशेच्या युगांतील. पण जपाननें नवीं यंत्रें, नवी शिस्त व नवें शिक्षण यांच्या बळावर तो चिनी बाजार एका पिढीच्या आंत आमच्या हातून काढून घेतला. नंतर खुद्द चीननें तोच धडा गिरविला. आणि सोलापूरच्या मोठ्या गिरण्यांचे भोंगे एकामागून एक बंद पडले. दैवानें घात केला असें म्हणून हा इतिहास बाजूस सारणें सोपें आहे. पण ज्यानें शिकणें चालू ठेवलें तो पुढें गेला आणि ज्यानें जुन्या नफ्यावर विसंबून राहणें पसंत केलें तो मागें पडला, हेंच त्याचें खरें तात्पर्य आहे.

परावलंबनाची किंमत काय असते, हें सोलापूर जिल्ह्याच्या शेतकऱ्यास २०२५ त चांगलेंच कळलें. डाळिंबाच्या व द्राक्षांच्या बागांना ठिबकांतून जीं विद्राव्य खतें द्यावीं लागतात, त्यांचा मोठा भाग चीनहून येतो. त्या वर्षीं तिकडून पुरवठा आखडला आणि इकडे भाव चढले. त्याच वर्षींच्या एप्रिलांत चीननें दुर्मिळ मृत्तिकेच्या लोहचुंबकांवर परवान्याचें बंधन घातलें, तेव्हां मोटारी बनविणारे मोठमोठे कारखानदार चिंतेंत पडले. आमच्या चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतींत रसायनांचे व औषधी द्रव्यांचे कारखाने आहेत, ही अभिमानाची गोष्ट. तथापि देशांत आयात होणाऱ्या औषधी मूलद्रव्यांपैकीं निम्म्याहून बराच अधिक भाग चीनचा असतो, ही चिंतेची गोष्ट. उलट बाजूसही हाच न्याय लागतो. २०२५ च्या ऑगस्टांत अमेरिकेनें भारतीय मालावर एकूण पन्नास टक्के जकात बसविली, तेव्हां टॉवेल बाहेर पाठविणाऱ्यांच्या तोंडचें पाणी पळालें. एकाच विकणाऱ्यावर विसंबणें आणि एकाच घेणाऱ्यावर विसंबणें, हीं एकाच आजाराचीं दोन लक्षणें होत.

तर मग शेजाऱ्याशीं वागावें कसें? या प्रश्नाचें उत्तर शोधावयास सोलापूरकरांनीं दूर जाण्याचें कारण नाहीं. डॉक्टर द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १९१० सालीं याच शहरांत झाला. १९३८ त जपानच्या आक्रमणाखालीं भरडल्या जाणाऱ्या चीनच्या मदतीस राष्ट्रीय सभेनें पांच डॉक्टरांचें पथक धाडलें, त्यांत अटल, चोळकर, बसू व मुखर्जी यांच्याबरोबर कोटणीसही होते. बाकीचे पुढें एकेक करून परतले, कोटणीस राहिले. त्यांनीं डोंगराळ मुलखांत, रणांगणाच्या मागें, अपुऱ्या साधनांनिशीं शस्त्रक्रिया केल्या. १९४१ त बेथ्यून यांच्या नांवानें चालणाऱ्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. ग्वो छिंगलान या परिचारिकेशीं त्यांनीं विवाह केला, आणि मुलाचें नांव ठेवलें यिनहुआ. यिन म्हणजे भारत व हुआ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं, ते तेथेंच निवर्तले. त्यांची समाधि चीनच्या शिजियाझुआंग येथें आहे, आणि स्मारक त्यांच्या जन्मगांवीं, म्हणजे आपल्या सोलापुरांत आहे.

दरवर्षीं त्यांच्या स्मृतीस हार घालावयाचा आणि त्यागाचें गुणगान करावयाचें, हें आपण रीतीप्रमाणें करतों. परंतु त्यांच्या आयुष्यांतील एका साध्या गोष्टीकडे आमच्या व्यापारी बंधूंचें लक्ष अद्याप गेलेलें दिसत नाहीं. कोटणीस चीनला गेले आणि चिनी भाषा शिकले; इतकी, कीं त्या भाषेंत ते विद्यार्थ्यांस वैद्यक शिकवूं लागले. ना शब्दकोशांचा सुकाळ, ना शिकवणीचे वर्ग, आणि डोक्यावर तोफगोळे. तरी त्यांनीं तें केलें. आम्ही दोन तपांहून अधिक काळ चीनशीं अब्जावधींचा व्यवहार करीत आहों. पण शुक्रवार पेठेंत चिनी भाषेंतील करारपत्र वाचूं शकणारे किती लोक सांपडतील? दलाल जो दर सांगेल तो दर, आणि तो जें भाषांतर करून देईल तीच अट, असा आमचा व्यवहार. यंत्र बिघडलें तर तिकडच्या कारागिराची वाट पाहावयाची. आणि २०२० नंतर त्याचा प्रवेशपरवाना अडला, तेव्हां देशांत कित्येक ठिकाणीं आणलेलीं यंत्रें खोळंबून राहिलीं. शेजाऱ्याची भाषा न जाणणारा मित्र भोळा ठरतो आणि शत्रु आंधळा ठरतो. दोन्ही स्थितींत नुकसान आपलेंच.

म्हणून आमच्या सूचना थोड्या आणि करतां येण्याजोग्या आहेत. पहिली भाषेची. रवींद्रनाथांनीं शांतिनिकेतनांत १९३७ सालींच चीन भवन उघडलें. सोलापुरास २००४ पासून स्वतःचें विद्यापीठ आहे. त्यानें व येथील व्यापारी मंडळींनीं मिळून संध्याकाळचा एक चिनी भाषेचा वर्ग कोटणिसांच्या नांवें चालवावा, आणि त्यांत पेढीवरच्या मुनिमांच्या मुलामुलींस व मागावरच्या कामगारांच्या मुलामुलींस सारखाच प्रवेश असावा. हाराफुलांपेक्षां हें स्मारक अधिक टिकेल.

दुसरी सूचना प्रामाणिकपणाची. सोलापुरी चादरीस व टॉवेलास भौगोलिक मानांकन मिळालें आहे. तरीही दुसरीकडे विणलेला हलका माल सोलापुरी म्हणून विकला जातो, ही ओरड जुनी आहे. आणि तो विकणाऱ्या हातांत आपलेही कांहीं हात आहेत, हें कटु असलें तरी खरें आहे. परक्या मालावर रागवावयाचें आणि स्वतःच्या नांवाची नक्कल स्वतःच खपवावयाची, याला स्वदेशी म्हणत नाहींत. स्वदेशीची पहिली पायरी म्हणजे खरें वजन, खरा रंग आणि खरें नांव.

तिसरी सूचना संघटनेची. शटल नसलेला वेगवान माग एकट्या लहान मागवाल्यास परवडत नाहीं. दहाजणांच्या सहकारी संघास परवडेल. यंत्र परदेशाहून आणावेंच लागलें तर तें खुशाल आणावें. पण त्याचे सुटे भाग येथें घडविण्याचा आणि तें दुरुस्त करणारा कामगार येथें तयार करण्याचा विचार खरेदीच्या दिवशींच करावा. आणि त्या कामगाराचें वेतन, त्याच्या कानांस व फुप्फुसांस होणारी इजा, त्याच्या घरांतील बिड्या वळणाऱ्या बायकांचे कष्ट, यांकडे डोळेझांक करून चीनशीं बरोबरी करूं असें ज्यांस वाटतें, ते स्वतःची फसवणूक करीत आहेत. अर्धपोटी व अशिक्षित मजुराच्या बळावर कोणतेंही राष्ट्र फार काळ स्पर्धेंत टिकलें नाहीं.

सरकारकडे आमचें मागणें असें, कीं सीमेच्या प्रश्नांत तिळभर ढिलाई नसावी आणि व्यापाराच्या प्रश्नांत लहरीपणा नसावा. आज दार बंद, उद्यां सताड उघडें, या धोरणानें लहान कारखानदार मरतो व मोठा आयातदार तरतो. जें येथें होऊं शकतें त्यास मुदतबंद संरक्षण द्यावें. जें होऊं शकत नाहीं तें शिकण्याची सोय करावी. आणि चिनी बाजारांत आमच्या औषधांस व पक्क्या मालास वाट मिळावी, यासाठीं बोलण्याच्या प्रत्येक बैठकींत आग्रह धरावा.

शेजारी बदलतां येत नाहीं. त्याच्याशीं भांडण झालें तरी भिंत एकच असते, आणि गळ्यांत गळा घातला तरी चूल वेगळीच असते. आपल्या चुलीवर काय शिजतें, हें जो पाहतो त्यालाच शेजाऱ्याशीं ताठ मानेनें बोलतां येतें. शुक्रवार पेठेंतील आमच्या वाचकांनीं उद्यां सकाळीं दुकान उघडल्यावर फळीवरच्या मालाकडे एकदां या दृष्टीनें पाहावें, आणि यांपैकीं कोणती एक वस्तु येत्या पांच वर्षांत सोलापुरांत होऊं शकेल, याचा हिशेब वहीच्या एका कोऱ्या पानावर मांडावा. राष्ट्राच्या जमाखर्चाची सुरुवात तेथूनच होते.