एअर कॉम्प्रेसरची निगा व स्वस्तात मिळणारे सुटे भाग

आपल्या समाजातील अनेक होतकरू तरुण पंक्चर, गॅरेज, स्प्रे पेंटिंग असे व्यवसाय करीत आहेत. काहींनी १९७८ साली स्थापन झालेल्या महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळामार्फत कर्ज घेतले आहे. अशा दुकानाचा प्राण म्हणजे एअर कॉम्प्रेसर. तो बंद पडला की धंदा बंद, हप्ता मात्र चालूच! म्हणून दुकानदारांना व आय.टी.आय.च्या विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल अशी थोडी माहिती येथे देत आहे.

हवा दाबली गेली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊन टाकीच्या तळाशी साचते व टाकी आतून गंजते. बाहेरून रंग शाबूत दिसतो, पण पत्रा पातळ होत जातो. अशी टाकी दाबाने फुटू शकते. म्हणून रोज काम संपल्यावर तळाचा ड्रेन कॉक उघडून पाणी काढावे. ऑइलची पातळी रोज पाहावी. एअर फिल्टर आठवड्याला साफ करावा. गाडीचे काढलेले जुने ऑइल कधीही घालू नये.

मशीन चांगले असताना रिकामी टाकी भरण्यास किती मिनिटे लागतात, हे वहीत लिहून ठेवावे. पुढे जास्त वेळ लागू लागला तर आधी फिल्टर व पट्टा पाहावा आणि सांध्यांना साबणाचे पाणी लावून गळती शोधावी. फिल्टरमधून हवा उलटी बाहेर येत असेल तर आत घेणारा व्हॉल्व्ह खराब समजावा. ऑइलच्या ब्रीदरमधून जोराने हवा येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या असाव्यात. मशीन थांबल्यावर प्रेशर स्विचमधून हवा सतत सुसू करीत राहिली तर पुष्कळ जण महागडा स्विचच बदलतात. वास्तविक दोष बहुधा नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचा असतो. टाकी पूर्ण रिकामी करून तो खोलावा. कित्येकदा तो साफ करून किंवा आतले रबर बदलूनच काम भागते.

सुटे भाग घेताना कंपनीच्या नावापेक्षा क्रमांक व माप महत्त्वाचे. ६२०५ क्रमांकाचे बेअरिंग कोणत्याही कंपनीचे असो, आतील व्यास २५, बाहेरील ५२ व रुंदी १५ मिलिमीटर असते. पट्ट्यावर ए-५० असेल तर वरची रुंदी १३ मिलिमीटर व आतील लांबी ५० इंच. असे भाग बेअरिंगच्या व पट्ट्याच्या साध्या दुकानातही मिळतात. रिंगा, गॅस्केट व व्हॉल्व्ह प्लेट यांसाठी मात्र जुना नमुना व मशीनच्या पाटीवरील मॉडेल क्रमांक सोबत न्यावा. मुंबईत नागदेवी स्ट्रीट हा यंत्रसामग्रीचा जुना बाजार आहे. चार दुकाने हिंडून भाव विचारावा.

मात्र दोन ठिकाणी काटकसर करू नये. सेफ्टी व्हॉल्व्ह नवा व योग्य दाबाचाच घ्यावा. गळतो म्हणून त्याजागी बोल्ट ठोकणे म्हणजे दुकानात बॉम्ब ठेवणे होय. तसेच गंजलेल्या टाकीला वेल्डिंगचे ठिगळ लावू नये, ती बदलावी. शेजारी उभा असलेला हाताखालचा पोरगा कोणाच्या तरी घरचा आधार असतो.

तथागतांच्या धम्मात अप्रमादाला, म्हणजे सावधपणाला, फार मोठे स्थान आहे. रोजची पाच मिनिटांची निगा हा दुकानातला अप्रमादच होय. त्याने पैसा वाचतो आणि माणूसही वाचतो. जयभीम!