कांहीं कठीण इंग्रजी शब्द: उच्चार व अर्थ

आम्ही शाळेंत असतांना एके दिवशीं 'न्यूमोनिया' हा शब्द मोठ्यानें वाचण्याची आमच्यावर पाळी आली. पुस्तकांत आरंभीं 'पी' हें अक्षर स्पष्ट दिसत होतें. म्हणून आम्हीं 'प्न्यूमोनिया' असा उच्चार केला. सारा वर्ग हसला. खरा उच्चार आम्हांस तेव्हांच समजला. परंतु पुढें वर्षभर वर्गांत मोठ्यानें वाचण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. आज शिक्षकाच्या जागेवरून पाहतां, खेड्यांतून अमरावती-अकोल्यास शिकावयास येणाऱ्या कित्येक मुलामुलींच्या मुखावर तीच भीति दिसते. उच्चार चुकल्यानें फारशी हानि होत नाहीं. भीतीनें शब्दच टाळला तर मात्र होते. म्हणून त्याविषयीं येथें थोडें लिहीत आहों.

प्रथम हें लक्षांत ठेवावें कीं, लेखन व उच्चार ह्यांची फारकत केवळ इंग्रजींतच आहे असें नाहीं. आपल्या 'चार' व 'चाक' ह्या शब्दांतील 'च' लिहिण्यांत एकच, पण बोलण्यांत निराळा. 'जरा' म्हणजे म्हातारपण आणि 'जरा' म्हणजे थोडें, ह्यांतील 'ज'चा भेद आपण कोणीं न शिकवितां करितों; कारण हे शब्द आपण कानांनीं शिकलों. परभाषेचे शब्द आपण डोळ्यांनीं शिकतों, व तेथेंच घोटाळा होतो.

शास्त्रीय शब्द बहुतेक ग्रीक किंवा लॅटिन भाषेंतून आलेले आहेत, व त्यांस थोडे नियम लागू पडतात. शब्दारंभीं 'पी'च्या पुढें 'एन', 'एस' किंवा 'टी' आल्यास 'पी' मुका राहतो: न्यूमोनिया, सायकॉलॉजी, टेरोडॅक्टिल. ग्रीक शब्दांतील 'सीएच'चा उच्चार बहुधा 'क' होतो: केमिस्ट्री, क्रोमोसोम, क्लोरोफिल. शब्द फोडला म्हणजे अर्थहि सुटतो. 'क्लोरोस' म्हणजे हिरवट व 'फिलॉन' म्हणजे पान. मग क्लोरोफिल म्हणजे पानांतील हिरवें द्रव्य, हें पाठ करण्याची गरज उरत नाहीं.

आतां आपल्या वऱ्हाडच्या शेतांतील शब्द घेऊं. कपाशीच्या जातीस शास्त्रांत 'गॉसिपियम' म्हणतात. आपली जुनी देशी कपाशी ती 'गॉसिपियम आर्बोरियम'. लॅटिनमध्यें 'आर्बर' म्हणजे झाड. तेव्हां ही झाडासारखी. मूळ अमेरिकेंतील ती 'हिर्सूटम', म्हणजे केसाळ. 2002 सालीं भारतांत 'बीटी' कपाशीच्या लागवडीस परवानगी मिळाली, व तें नांव आज घरोघर ऐकूं येतें. पण हीं दोन अक्षरें 'बॅसिलस थुरिंजिएन्सिस' ह्या सूक्ष्म जंतूचीं आहेत, हें थोड्यांस ठाऊक असतें. 'बॅसिलस' म्हणजे लहान काडी, जंतूच्या आकारावरून. आणि थुरिंजिया हा जर्मनीचा एक प्रांत. ह्या जंतूचा गुण कपाशींत उतरविला म्हणजे तिच्या अंगींच बोंडअळीस मारक असें द्रव्य तयार होतें.

शेवटीं दोन शब्द विशेष महत्त्वाचे. फवारणीच्या औषधाच्या डब्यावर ते असतात. पहिला 'टॉक्सिक', म्हणजे विषारी. ग्रीक भाषेंत 'टॉक्सॉन' म्हणजे धनुष्य. बाणास लावावयाच्या विषावरून हा शब्द निघाला. दुसरा 'ॲन्टिडोट'. 'ॲन्टि' म्हणजे विरुद्ध व 'डोट' म्हणजे दिलेलें. अर्थात् विषावरील उतारा. डब्यावर रंगीत त्रिकोणहि असतो. तांबडा सर्वांत जहाल विषाचा. त्याहून उतरत्या क्रमानें पिवळा, निळा व हिरवा. 2017 सालीं शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत फवारतांना विषबाधा होऊन कित्येक शेतकरी व मजूर मरण पावले. असा प्रसंग आल्यास रोग्याबरोबर तो डबा किंवा त्यावरील कागद डॉक्टरांकडे अवश्य न्यावा. कोणतें विष हें कळल्यास उपाय लवकर होतो.

विद्यार्थ्यांनो, एक लहानशी वही करा. अडलेला शब्द, त्याचा उच्चार व त्याचे तुकडे तींत लिहा, आणि तो मोठ्यानें म्हणा. पालकांस आमची विनंति ही कीं, घरांत आणलेल्या डब्यावरील अक्षरें मुलाकडून किंवा मुलीकडून एकवार वाचवून घ्यावीं. उच्चार चुकल्यास हसूं नये. ज्या घरांत मूल निर्भयपणें वाचतें, त्या घरास तें वाचन एखाद्या दिवशीं प्राणापेक्षां कमी मोलाचें ठरणार नाहीं.