कोर्स पॅक आणि कॉपीराइट
दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातल्या ‘रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस’वर २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दावा लावला. प्राध्यापकांनी नेमलेली निरनिराळ्या पुस्तकांतली प्रकरणे हे दुकान एकत्र बांधून ‘कोर्स पॅक’ म्हणून विकत असे. प्रतिवादींमध्ये दिल्ली विद्यापीठही होते. सप्टेंबर २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. आधार होता १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ : अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने काढलेली प्रत हक्कभंग ठरत नाही. प्रकाशकांच्या अपिलावर डिसेंबरमध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने सांगितले, की पानांची ठरावीक मर्यादा नाही. तो मजकूर शिकवण्यासाठी गरजेचा आहे का, हे पाहायचे. त्यासाठी खटला पुन्हा चालणार होता, पण मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनीच तो मागे घेतला.

महागडी पुस्तके न परवडणाऱ्या मुलांसाठी हा निकाल फार मोलाचा आहे. मात्र अख्ख्या पुस्तकाची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवण्याचा तो परवाना नव्हे. मराठीतला छोटा प्रकाशक त्यात भरडला जातो. प्राध्यापकांनी लागतील तेवढीच प्रकरणे द्यावीत, त्यावर लेखक-प्रकाशकाचे नाव घालावे आणि मूळ पुस्तकाच्या पुरेशा प्रती ग्रंथालयाकडे आग्रहाने मागाव्यात.